मुळगावच्या घराला मोरजीचं भाडं

माझ्या मुलीला मंगळवारी लिस्बनला जायची संधी मिळाली आणि शुक्रवारपर्यंत मी ती जवळजवळ घालवली.

घालवली म्हणजे निष्काळजीपणाने नव्हे. भरपूर मेहनत घेऊन.

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे पुढचा गोंधळ नीट कळेल. डिचोली, पेडणे, सत्तरी या भागांत कुणी जुनं घर मोडायला काढलं की त्याची कौलं, वासे, दारं आणि जनेलं मी विकत घेतो आणि मुळगावला घराशेजारच्या शेडमध्ये आणून ठेवतो. (जनेल म्हणजे खिडकी. पण गिऱ्हाइकासमोर खिडकी म्हटलं तर शंभर रुपये कमी मिळतात.) घेताना सागवानाला फणस म्हणायचं आणि विकताना फणसाला सागवान, एवढ्या भांडवलावर मी घर बांधलं, ट्रक घेतला आणि मुलीला इंजिनियर केलं. वडिलांकडून मला फक्त आडनाव आणि तापट डोकं मिळालं. दोन्ही अजून वापरात आहेत.

असा बाप घरात असताना आमच्या दीक्षाने चार वर्षांपूर्वी आपल्या पहिल्या नोकरीचा पगार मला न विचारता मान्य केला! वेर्ण्याच्या कंपनीने आकडा सांगितला आणि ही 'थँक्यू' म्हणाली. थँक्यू! समोरच्याने पहिला आकडा सांगितला की कपाळाला हात लावायचा, उठायचं, दारापर्यंत जायचं आणि हाक ऐकू येईपर्यंत चप्पल शोधत राहायचं, हे तिने लहानपणापासून शेडमध्ये पाहिलेलं. तरी थँक्यू! ही जखम मी जपून ठेवली आहे. आमटीत मीठ कमी पडलं तरी मी तो विषय काढतो.

त्यामुळे मंगळवारी सकाळी तिने बातमी सांगितली तेव्हा माझ्या अंगात वीज संचारली. कंपनी तिला तीन वर्षांसाठी लिस्बनच्या ऑफिसात पाठवणार होती. पगार इथलाच, इथल्याच बँकेत जमा होणार. तिथे राहण्याखाण्यासाठी वेगळा भत्ता. तो किती, हे कंपनी एका कागदावरून ठरवणार होती. कागदाचं नाव 'सध्याचा घरखर्च'. ती आमच्याकडे राहते, म्हणून खाली सही कुटुंबप्रमुखाची.

"पप्पा, आईला विचारून नीट आकडे लिहून ठेवा," दीक्षा बॅग उचलत म्हणाली. "संध्याकाळी आल्यावर मी बघते आणि पाठवते. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला हो किंवा नाही सांगायचंय. भत्ता कमी पडला तर मी जाऊच शकणार नाही. तिथे नुसत्या खोलीचं भाडं साडेसहाशे युरो आहे."

"म्हणजे?"

"पासष्ट हजार रुपये."

"वर्षाला?"

"महिन्याला!"

मी खुर्चीतून उठलो. "त्या पोर्तुगीजांना भाडं मागायला लाज नाही वाटत? गोव्यात ते साडेचारशे वर्षं राहिले! आमच्या डिचोलीत उशिरा पोचले, तरी पावणेदोनशे वर्षं! कुणी एक रुपया भाडं दिलं?"

"मग तुम्ही मागायला का नाही गेलात?" आतून बायकोचा, म्हणजे शर्मिलाचा, आवाज आला.

"माझा जन्म झाला नव्हता, म्हणून वाचले ते!"

दीक्षा बस पकडायला धावली आणि मी कागद घेऊन बसलो. आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. चाळीस वर्षं धंदा केलेल्या माणसासमोर 'खर्च किती' असं विचारणारा कागद आला की त्याचा हात आपोआप आखडतो. असा प्रश्न विचारणारा माणूस आमच्या अनुभवात दोनच प्रकारचा. एक करवाला आणि दुसरा सोयरीक जमवायला आलेला. दोघांसमोरही आपण कसेबसे जगतो असंच दाखवायचं असतं. त्यातून माझा दुसरा हिशेब असा, की पोरीचे आईबाप किती काटकसरीत राहतात हे बघून कंपनीला दया येईल आणि ती हात सैल सोडेल.

"मासळीला महिन्याला किती?" मी विचारलं.

"आठ हजार तरी," शर्मिला म्हणाली.

"दोन लिहितो."

"दोन हजारांत तुम्हाला बांगड्याचं डोकं मिळेल! आणि इसवण कोण खातं, मी?"

"तांदूळ?"

"कारापूरच्या शेतातला घरचा."

"शून्य. नारळ?"

"भाटातले, आपल्याच माडांचे."

"शून्य. भाजी?"

"वाळपईहून तुमची ताई पाठवते. पण आपण तिला दर चतुर्थीला साडी..."

"शून्य! घरभाडं शून्य. औषधं?"

"तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या."

"त्या रागावलो तरच घेतो. शून्य."

"रोज घेता."

"पाव?"

इथे शर्मिलाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मुकाट्याने दोनशे लिहिले. (सकाळी सायकलवरून पाव आणणाऱ्या पोदेराशी मी उंड्यामागे एक रुपया कमी करण्यासाठी भांडलो होतो. तेव्हापासून तो आमच्या घरासमोरून भोंपू न वाजवता जातो आणि शर्मिलाला शेजारच्या वळणावर जाऊन उंडे आणावे लागतात.)

"करमणूक?" मी शेवटचा रकाना वाचला.

"तुमची भांडणं ऐकते तेवढीच. फुकट."

"शून्य!"

बेरीज सहा हजार चारशे. तीन माणसं, एक महिना! मला स्वतःचाच अभिमान वाटला. शर्मिला चष्मा लावून तो आकडा दोनदा वाचत म्हणाली, "अहो, एवढ्यात आपलं मांजरसुद्धा जगत नाही. दीक्षाला येऊ दे, तिला दाखवा."

पण भाव गरम असताना संध्याकाळपर्यंत थांबणं माझ्या रक्तात नाही. मी झोकात सही केली, डिचोलीच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानात गेलो आणि कागद कंपनीला पाठवून दिला. (पाठवायचे दहा रुपये सांगितले, मी सातला तोडले.)

बुधवारी दुपारी दीक्षाचा ऑफिसातून फोन. आवाज अगदी शांत. मी रागावलो की ओरडतो. ती रागावली की शांत होते. हे तिने आईकडून घेतलंय आणि ते फार भयंकर आहे.

"पप्पा, तुम्ही कागद पाठवला?"

"पाठवला! काय म्हणाले? वाढवून दिला ना?"

"कंपनीची रीत अशी आहे, की इथे माणशी जेवढा खर्च होतो त्याच्या चौपट तिथे भत्ता मिळतो. म्हणजे आपण इथे जसे राहतो तसंच तिथे राहता यावं. सहा हजार चारशे भागिले तीन, गुणिले चार. मला महिन्याला पंच्याऐंशी युरो मंजूर झालेत."

मी भिंतीला टेकलो.

"पंच्याऐंशी युरोत लिस्बनमध्ये मला दाराबाहेर बसायचं बाल्कांवसुद्धा मिळणार नाही, पप्पा. खोली तर सोडाच."

"थांब! मी त्यांना..."

"तुम्ही काही करू नका. काहीही पाठवू नका. मी पुण्याच्या ऑफिसातल्या मॅडमशी बोलते."

फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चूक माझी नव्हतीच. चूक बाजूची होती! मी आयुष्यभर घेणाऱ्याच्या बाजूने गरीब होत आलो, पण इथे आम्ही विकणारे होतो. फणसाला सागवान म्हणायची वेळ होती आणि मी सागवानाला फणस म्हणून बसलो होतो! चूक सापडली की ती दुरुस्त केल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी पेडण्याला मेव्हण्याला फोन लावला.

माझा मेव्हणा उदय बावीस वर्षं बोटीवर होता. त्याची बोट एकदा लिस्बनच्या बंदरात आठ तास उभी होती. तेवढ्या आठ तासांवर तो गेली पंधरा वर्षं बोलतोय. गुरुवारी सकाळी तो मोटारसायकलवरून हजर झाला आणि पहिला कागद बघून पोट धरून हसला.

"भावोजी, हा घरखर्च आहे की उपास?"

"हसू नकोस. खरा खर्च लिहू या."

"खरा म्हणजे?"

"म्हणजे बाजारभावाने. जे फुकट मिळतं त्याचीसुद्धा किंमत असते की नाही? घरभाड्यापासून सुरू कर. हे घर भाड्याने दिलं तर किती येईल?"

"मुळगावात? आठ हजार फार झाले."

"मोरजीला?"

उदयचे डोळे चमकले. पेडण्याचा माणूस तो. किनाऱ्यावर रशियन आणि दिल्लीवाले काय मोजतात हे त्याला तोंडपाठ. "मोरजीला एवढं घर? नव्वद हजार! डोळे मिटून!"

"लिही नव्वद."

"पण भावोजी, इथून समुद्र चाळीस किलोमीटर आहे."

"तो त्यांच्या कागदात कुठे विचारलाय?"

मग मात्र आम्हाला सूर सापडला. भाट शिंपतो कोण? मी. माळ्याचा पगार पंधरा हजार! ट्रक चालवतो कोण? मी. ड्रायव्हर, वीस हजार! दाराशी कुत्रा आहे. सुरक्षा व्यवस्था, बारा हजार! मासळी चाळीस हजार. (रोज इसवण, पाहुण्यांसह.) चतुर्थीला गणपतीवर माटोळी बांधतो, तिला लागणारी फळं, वेली, कंदमुळं मी दरवर्षी स्वतः रानात हिंडून आणतो. ती बाजारातून आणली तर किती? देवाच्या कामात काटकसर नको म्हणून आम्ही तो खर्च महिन्याला तीस हजार धरला. गणपती दर महिन्याला येत नाही, असं उदय हळूच म्हणाला. मी म्हटलं, "तुझी श्रद्धा कमी आहे."

"आणि स्वयंपाकीण?" मी म्हणालो. "लिही, पंचवीस हजार."

दारात उभी असलेली शर्मिला पुढे आली. "पंचवीस? महिन्याला? मग एकतीस वर्षांची थकबाकी कधी देताय?"

"अगो, हे नुसतं कागदावर!"

"मग मीही उद्यापासून कागदावरच रांधते. दीक्षाने पाठवू नका सांगितलंय ना?"

"तिला काय कळतं? थँक्यू म्हणणारी पोर ती!"

बेरीज दोन लाख सत्त्याऐंशी हजार झाली. उदयने चौपटीचा हिशेब केला आणि खुर्चीतच ताठ झाला. "भावोजी, महिन्याला अडतीसशे युरो! एवढ्यात सगळं पेडणं लिस्बनला जाऊन राहील!" मी खाली लिहायला लावलं, 'आधीच्या कागदात काही शून्ये लिहावयाची राहून गेली, क्षमस्व,' आणि सही ठोकली. उदयने फोनवरून फोटो काढून पाठवून दिला.

संध्याकाळी दीक्षा घरी आली ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज नेहमीपेक्षाही शांत.

"पुण्याच्या ऑफिसातून जोगळेकर मॅडमचा फोन होता. दोन दिवसांत आपला खर्च पंचेचाळीस पटींनी कसा वाढला, असं विचारतायत. उद्या अकराला त्या व्हिडिओवर बोलणार आहेत. तुमच्याशी, कारण सही तुमची आहे. घरही दाखवा म्हणाल्या."

"दाखवू की!"

"पप्पा, मला तिथे खरंच जायचंय." एवढंच बोलून ती आत गेली.

ते वाक्य मला चांगलंच लागलं. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि दोघं मोकळे झालो असतो. आता काहीतरी करणं भागच होतं. आणि माझ्या शेडमध्ये काय नव्हतं? शुक्रवारी सकाळी सहा वाजता उदय आणि मी कामाला लागलो. हळदोण्याच्या एका मोडलेल्या घरातलं काचेचं झुंबर पंखा काढून त्याच्या हुकाला लटकवलं. कोरीव पाठीच्या सहा खुर्च्या मांडल्या. संगमरवरी टेबल आणलं. भिंतीला नक्षीदार सागवानी दार टेकवून उभं केलं, म्हणजे त्यापलीकडे आणखी दोनचार दालनं आहेत असं वाटावं. (पलीकडे पेरूचं झाड आहे.) कुत्र्याला आंघोळ घातली, तो रागाने फणसाखाली जाऊन झोपला.

अकराला दहा मिनिटं कमी असताना दीक्षा बाहेर आली आणि दारातच थबकली.

"पप्पा, हे काय?"

"तुझं राहणीमान."

"मी मॅडमना खरं सांगणार आहे."

"सांग. पण आधी पाच मिनिटं मला दे. सही माझी आहे ना?"

तिने आईकडे पाहिलं. आईने छताकडे पाहिलं. तिथे झुंबर डुलत होतं. तेवढ्यात फोन वाजला.

जोगळेकर मॅडम पन्नाशीच्या, बारीक चष्म्याच्या आणि गोड आवाजाच्या. गोड आवाजाचं गिऱ्हाईक सर्वांत वाईट, हे मला माहीत होतं.

"नमस्कार काका. छान आहे हो घर!"

"आमचं आपलं साधंच," मी झुंबर नीट दिसेल असा फोन धरत म्हणालो.

"त्या दारावर खडूने 'बावीस हजार' असं काय लिहिलंय?"

"ते... ते सन आहे. फार जुनं दार."

"बावीस हजार सालचं?"

"मॅडम, आमच्याकडे बऱ्याच गोष्टी काळाच्या पुढे आहेत."

आत उदयला ठसका लागला. मॅडम मात्र शांतपणे पुढे गेल्या. "सुरक्षा व्यवस्था दाखवता का जरा?" मी फोन जनेलातून बाहेर काढला. व्यवस्थेने एक डोळा उघडला, शेपटी हलवली आणि डोळा पुन्हा मिटला. तरी मी हटलो नाही. मासळीचं सांगितलं, माटोळीचं सांगितलं, किनाऱ्याची हवा सांगितली. मॅडम "हं, हं" करत लिहून घेत होत्या. मला वाटलं, माल गेला! आता फक्त टाळी द्यायची बाकी!

आणि नेमका त्याच क्षणी पाटील आत आला.

पाटील म्हणजे बेळगावचा बांधकाम कंत्राटदार. मोरजीला कुणाचं तरी हॉटेल बांधत होता आणि तीन आठवडे माझ्या त्याच झुंबराच्या मागे होता. मी तीस हजार सांगितले होते, तो बारावर अडला होता. शेड बंद दिसली म्हणून तो आपल्या दोन कामगारांसह सरळ घरात घुसला.

"काय ओ शेट! दुकान बंद करून झुंबर घरात टांगलासा? आज न्यायलाच आलोय बघा. पंधरा देतो."

मी फोन टेबलावर उलटा ठेवला. (फोन उलटा ठेवला की पलीकडचा माणूस बंद होतो, अशी तोपर्यंत माझी समजूत होती.) "पाटील, नंतर या!"

"नंतर कशाला? पंधरा रोख. हॉटेलवाला आज संध्याकाळी यायलाय."

पंधरा! हा आकडा कानावर पडला आणि चाळीस वर्षांची सवय घशातून आपोआप बाहेर आली. मी कपाळाला हात लावला आणि खाली बसलो.

"पंधरा? पाटील, वर देव आहे! मी काय खातो तुम्हाला माहीत आहे? घरात तीन माणसं, सहा हजारांत महिना काढतो! सहा हजारांत! तांदूळ शेतातला, नारळ भाटातला, भाजी बहिणीची! मासळी आणतो ती वासापुरती! मुलगी परदेशी जायची आहे, तिला बॅग घ्यायला पैसे नाहीत माझ्याकडे!"

"पप्पा!" दीक्षा म्हणाली. मी हाताने तिला गप्प केलं, कारण पाटलाचा चेहरा हलला होता.

"असं म्हणतासा? मग अठरा घ्या की."

"अठरात त्याची साखळीसुद्धा येत नाही! माझी बायको, बघा तिच्याकडे, एकतीस वर्षं एका पैशाशिवाय राबते!"

"हे मात्र खरं," शर्मिला म्हणाली.

"बावीस."

मी उठलो, दारापर्यंत गेलो आणि चप्पल शोधू लागलो. माझंच घर, तरी चप्पल शोधू लागलो!

"बरं, पंचवीस! आणि त्या खुर्च्या दोन धरून बत्तीस!"

"न्या!"

टाळी पडली. कामगार स्टुलावर चढले. माझ्या अंगावर आनंदाने काटा आला आणि तेवढ्यात टेबलावरून, उलट्या फोनखालून, एक गोड आवाज आला.

"काका, फोन जरा सरळ करता का?"

मी केला. मॅडमच्या पडद्यावर काय दिसलं असेल ते सांगतो. छताला नुसता हूक. त्याखाली झुंबर कवटाळून उभा एक कामगार. मागून दोन कोरीव खुर्च्या दाराबाहेर चाललेल्या.

मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. "काका, तुमचं राहणीमान चाललं की हो!"

मी काही बोलायच्या आत दीक्षाने माझ्या हातातून फोन काढून घेतला. मी आडवा येणार, तोच शर्मिलाने टेबलावरच्या पिशवीतला अख्खा उंडा माझ्या तोंडात कोंबला. आमचे उंडे बाहेरून कडक असतात. चावायलाच दोन मिनिटं लागतात.

"मॅडम, सॉरी," दीक्षा म्हणाली. "दोन्ही कागद चुकीचे आहेत. पहिल्यात पप्पा घाबरले होते आणि दुसऱ्यात उत्साहात होते. आमचा खरा खर्च पस्तीसेक हजार आहे. पण त्याच्या चौपटीनेही माझं तिथे भागत नाही, कारण आम्ही इथे भाडं देत नाही. तुमच्या रीतीत स्वतःच्या घरात राहणाऱ्याचा विचारच नाही. गोव्यातून पुढे जो कुणी जाईल, त्यालाही हीच अडचण येणार. खोली साडेसहाशे. जेवण, बस, वीज, फोन धरून आणखी साडेसहाशे. तिथल्या तीन मुलींना विचारून काढलेले आकडे आहेत, पाठवते. मला तेराशे लागतील."

"एवढे कठीण आहेत, दीक्षा. अकराशेपर्यंत मी बोलून बघते."

आणि माझी मुलगी गप्प बसली.

गप्प म्हणजे पूर्ण गप्प. कपाळाला हात नाही, देवाची शपथ नाही, चप्पल नाही! पडद्याकडे शांतपणे बघत नुसती बसली. पाच सेकंद. दहा सेकंद. माझ्या तोंडात उंडा, डोळ्यांत पाणी, कानशिलं तापलेली. वीस सेकंद! मी तर तोपर्यंत स्वतःहून हजारावर उतरलो असतो! उदयने माझा एक हात धरला होता, पाटलाने दुसरा. (पाटील अजून गेलाच नव्हता. 'काय व्हायलंय बघून जातो की,' म्हणाला.)

"बरं," मॅडम शेवटी म्हणाल्या. "बाराशे पन्नास. आणि वर्षातून एकदा जायचं-यायचं तिकीट."

"तिकीट चतुर्थीचं लागेल, मॅडम. तेव्हा महाग असतं."

मॅडम हसल्या. "चतुर्थीचं."

"थँक्यू," दीक्षा म्हणाली.

त्या दिवशी मला कळलं, की थँक्यू हा शब्द वाईट नाही. तो कुठे म्हणायचा हे माहीत असावं लागतं. शर्मिला पदराने डोळे पुसत होती, उदय लिस्बनच्या बंदरात चांगला पाव कुठे मिळतो ते सांगू लागला होता आणि पाटलाने खुशीत येऊन खिशातून शंभराची नोट काढून दीक्षाच्या हातात ठेवली. "बॅगेला, ताई." मी उंडा गिळला आणि छाती फुगवून म्हणालो, "शेवटी घेतलेच ना बाराशे पन्नास!"

"कुणी?" चौघांनी एकदम विचारलं.

संध्याकाळी कंपनीचं पत्र आलं. दीक्षाने मोठ्याने वाचून दाखवलं. भत्ता बरोबर, तिकीट बरोबर, जायची तारीख बरोबर. खाली एक सूचना होती. यापुढे परदेशी जाणाऱ्या कुणाही कर्मचाऱ्याच्या घरखर्चाच्या कागदावर कुटुंबप्रमुखाची सही घेतली जाणार नाही, कर्मचाऱ्याने तो स्वतःच भरावा आणि शक्यतो घरी नेऊ नये.

एवढ्या मोठ्या कंपनीचा नियम चार दिवसांत बदलून दाखवणारा डिचोली तालुक्यातला मी पहिलाच माणूस असेन. आणि इतकं मोठं काम मी त्यांना चक्क फुकट करून दिलं!